पान सतरावरचं नाव

होडीला डोळा रंगवताना आधी पांढरा रंग, मग निळा, शेवटी काळा. काळा वाळेपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत.

*

छपाईच्या खिळ्यांच्या पेटीत सगळ्यांत मोठा खण 'ए' अक्षराचा असतो. आमच्या भाषेत 'ए' सर्वांत जास्त खपतो.

*

१९३७च्या फेब्रुवारीत मालागाच्या मोठ्या रस्त्यावर एक पियानो तीन दिवस पडून होता. इटालियन शिपाई जाता-येता त्याच्या पट्ट्या दाबायचे.

*

चालचलणुकीचा दाखला: आपण चांगले आहोत असं दुसऱ्याने लिहून दिलेला कागद. त्या वसंतात पावाच्या रांगेपेक्षा या कागदाची रांग मोठी होती.

*

रात्र आपली बटणं लावते,
समुद्र एकेक उसवतो,
होडीचा डोळा जागा राहून
येणाऱ्या बोटी मोजतो.

*

आमचे मालक डॉन एलादियो छापखान्यात कुणाला पाव खाऊ देत नसत. हाताचं शिसं पावाला लागतं आणि पावातून पोटात जातं, असं त्यांचं म्हणणं.

*

निकासियो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान.

*

आता सरळ सांगते.

माझं नाव कासिल्दा आल्मोगेरा. मी खिळे जुळवते. वडील हेच काम करायचे. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांच्या स्टुलावर मी बसले आणि डॉन एलादियोंनी मला उठवलं नाही. माझा भाऊ निकासियो मात्र शाळेतून पळाला तो थेट एल पालोच्या किनाऱ्यावर, कोळ्यांत. जाळं ओढायचा, आणि नव्या होड्यांच्या नाकाडावर दोन्ही बाजूंना डोळे रंगवायचा. हात चांगला होता त्याचा. किनाऱ्यावर निम्म्या होड्या त्याच्या नजरेने बघायच्या.

१९२७ साली आमच्याकडे कवी यायला लागले. तरुण मुलं, इस्त्रीचे पांढरे सूट, बोटांना शाई. त्यांना मोठे छापखाने नको होते. आमचा हवा होता, कारण डॉन एलादियो समासाला जपायचे. ती सगळी मंडळी त्या वर्षी तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका अवघड कवीची पुण्यतिथी साजरी करत होती, आणि त्याच दमात लिफ्ट, ग्रामोफोन, विमानाचे पंखे यांवर लिहीत होती. त्यांत लेआंद्रो विदाउरे सगळ्यात हसरा. धोबिणी घाटावर म्हणतात त्या चालीत तो लिहायचा, पण आत भलतंच काहीतरी असायचं. डॉन एलादियो म्हणायचे, "चाल आजीची आणि डोकं वैमानिकाचं. वाचताना मला बोट लागते."

या लोकांची एक रीत होती. प्रत्येक कविता कुणातरी मित्राला अर्पण करायची. कवितेच्या डोक्यावर उजवीकडे, तिरक्या अक्षरांत, मित्राचं नाव. याने त्याला द्यायची, त्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने परत याला. लग्नघरातली मिठाई फिरते तशी ही नावं सेव्हिलपासून माद्रिदपर्यंत फिरायची. कुणाला नाव दिलं नाही तर तो महिनाभर बोलत नसे.

मे महिन्यात लेआंद्रोच्या पुस्तकाची प्रुफं निघाली. तो कागदाच्या गठ्ठ्यावर बसून ती चाळत होता.

मी म्हटलं, "लेआंद्रो, सतराव्या पानावर नाव नाही."

"कुणाचं?"

"अर्पण हो. बाकी सगळ्या कवितांच्या डोक्यावर टोपी आहे. ही एकटीच बोडकी."

त्याने बोटं मोजली. "माझे मित्र संपले गं, कासिल्दा. एकवीस कविता आणि मित्र वीस."

"मग शत्रूला द्या एखादी," डॉन एलादियो चष्म्यावरून बघत म्हणाले.

"शत्रू पुढच्या पुस्तकात, डॉन एलादियो. त्यांच्यासाठी सॉनेटं राखून ठेवलीत."

तो कॉफी प्यायला गेला. मी ते पान पुढ्यात घेऊन बसले. वर पांढरी पट्टी उरली होती, ती डोळ्यात खुपत होती. जुळवणाऱ्याला पोकळ जागा खुपते, हा आमचा रोग आहे. आणि कविता होडीच्या डोळ्यावर होती. होडीला डोळे रंगवणारा एकच माणूस मी ओळखत होते.

मी तिरके खिळे घेतले आणि जुळवलं: *निकासियो आल्मोगेराला.*

लेआंद्रो परत आला. नवं प्रूफ बघून थांबला. "हा कोण?"

"माझा भाऊ. एल पालोला होड्यांना डोळे रंगवतो."

"कविता वाचतो?"

"स्वतःचं नाव वाचता येत नाही त्याला."

"मग हाच माझा खरा वाचक." तो मोठ्यांदा हसला. "राहू दे. अजिबात काढू नकोस."

मी काढलं नाही. एक प्रत निकासियोला नेऊन दिली. त्याने पान उलटंसुलटं केलं. "यात मी कुठला?" मी त्याचं बोट धरून नावावर ठेवलं. तो म्हणाला, "एवढासाच?" आणि पुस्तक त्याने जन्माच्या कागदाबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं.

*

त्या डब्याची झडती २२ फेब्रुवारी १९३७ रोजी झाली. मालागा बंडखोर जनरलांच्या फौजेच्या हाती पडून दोन आठवडे झाले होते. अर्धं गाव किनाऱ्याच्या रस्त्याने आल्मेरियाकडे पळालं, त्यातले किती पोचले कुणी मोजलं नाही. निकासियो पळाला नाही. "मी कुणाला मारलंय?" असं म्हणायचा. मीही तेच म्हणायचे. नवे लोक भिंतींवर लिहीत होते, ज्याच्या हाताला रक्त नाही त्याने भिऊ नये. त्याच्या हाताला रंग होता.

निकासियोला धरून नेलं आणि त्याची फाइल लष्करी न्यायालयाच्या कॅप्टन लादेरोकडे गेली. हा मूळचा बुर्गोसचा नोटरी. नखं कापलेली, आवाज हळू. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी चार दिवस उभी राहिले तेव्हा त्याने आत घेतलं.

"बसा, बाई. तुमच्या भावाचं काय ते सांगतो." त्याने फाइल उघडली. "कोळ्यांच्या युनियनचं कार्ड. ते अख्ख्या एल पालोकडे आहे. शेजारणीची तक्रार: चर्चचं दार फोडलं तेव्हा हा गर्दीत होता. गर्दीत कोण नव्हतं? एवढ्यावर सहा वर्षं तुरुंग. कदाचित आठ." मग त्याने बोट एका पातळ पुस्तकावर ठेवलं. "पण हे."

मी पुस्तक ओळखलं. समास ओळखला.

"हा विदाउरे गेल्या शरदात व्हॅलेन्सियाच्या रेडिओवरून आमच्या जनरलांची नावं घेऊन पोवाडे म्हणत होता. माझ्या वरिष्ठांनी ऐकलेत. तो आमच्या हाती नाही. त्याचा हा मित्र मात्र आहे. बाकीचे वीस मित्र परदेशी, नाहीतर माद्रिदमध्ये. मालागात एवढा एकच सापडला."

"तो मित्र नाही, साहेब."

"तोही तेच म्हणतो." त्याने जबानी माझ्यासमोर सरकवली.

> प्रश्न: लेआंद्रो विदाउरे यास ओळखतोस काय?
> उत्तर: मी कुठल्याच कवीला ओळखत नाही.
> प्रश्न: कवितेत 'येणाऱ्या बोटी मोजतो' म्हटले आहे. कुणाच्या बोटी? कुणासाठी मोजत होतास?
> उत्तर: मी सार्डिन मोजतो.
> प्रश्न: मग तुझे नाव पुस्तकात कसे?
> उत्तर: ते माझ्या बहिणीला विचारा.

"म्हणून तुम्हाला विचारतो," कॅप्टन म्हणाला.

माझे हात मांडीवर होते. मी ते तिथेच धरून ठेवले. आमच्या छापखान्यात मागच्या वर्षी युनियनचे जाहीरनामेही छापले होते आणि ते मीच जुळवले होते. तोंड उघडलं की तेही बाहेर येणार होतं. तरी म्हटलं, "ते नाव मी घातलं. पानावर जागा उरली होती."

"जागा उरली होती." त्याने शब्द चाखून बघितले. "बाई, पावांच्या टोपलीत जागा उरली तर आणखी पाव घालतात. कवीच्या पुस्तकात भावाचं नाव कोण घालतं?"

"मी घातलं. विदाउरेने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं."

"हे तुम्ही म्हणता. बहीण म्हणणारच."

"कागदही म्हणेल," मी म्हटलं. "मूळ हस्तलिखित आहे. मी त्यावरूनच जुळवलं. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कवितेवर नाव नाही. डॉन एलादियो सगळ्या मूळ प्रती जपून ठेवतात."

हे ऐकून तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. आमच्या धंद्यात मूळ प्रत म्हणजे देव. छापलेलं चुकतं, मूळ प्रत चुकत नाही. प्रुफावर भांडण झालं की मूळ प्रत काढायची आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. नोटरीचं तसंच असतं, हे मला तेव्हा कळलं.

"मूळ कागद," तो म्हणाला. "वीस वर्षं मी लोकांना तेच सांगत आलोय. आणा तो. नाव नसेल तर हे पुस्तक मी या फाइलमधून काढतो. माझा शब्द. बाकीचं आठ वर्षांपलीकडे जात नाही." त्याने दाराकडे बघून हाक मारली. "कॉर्पोरल! बाईंबरोबर जा."

जिना उतरताना मी कॉर्पोरलच्या पुढे चालत होते. जवळजवळ धावतच.

*

छापखान्याचं शटर अर्धं खाली होतं. डॉन एलादियो कोटावर बाहेरून देवाचा तावीज घालून खुर्चीत बसले होते, येणाऱ्याला लांबूनच दिसावा म्हणून. कॉर्पोरलला बघून उठले.

"डॉन एलादियो, लेआंद्रोच्या पुस्तकाची मूळ प्रत द्या."

"जाळली."

"काय?"

"सगळं जाळलं. जानेवारीत. बाडंच्या बाडं."

"तुम्ही? तुम्ही आयुष्यात एक कागद फाडला नाहीत! पाकिटांची पाठकोरीसुद्धा ठेवता!"

"जाळलं म्हणतो ना मी, पोरी." ते माझ्याकडे बघत नव्हते. कॉर्पोरलकडे बघत होते, आणि हाताने कोटाचं बटण पिळत होते. "जा तू आता. जा घरी."

"निकासियोचा जीव आहे त्यात."

"म्हणूनच म्हणतो, जा."

मला राग आला. तेरा वर्षं या माणसाच्या हाताखाली काढली होती. "भित्रे आहात तुम्ही," मी म्हटलं, कॉर्पोरलच्या देखत. "तुमचं दुकान वाचावं म्हणून तुम्ही माझ्या भावाला…" पुढे काय म्हटलं आठवत नाही. आठवत असतं तरी लिहिलं नसतं.

ते खुर्चीत बसले.

जागा मला ठाऊक होती. वितळवायच्या जुन्या खिळ्यांच्या पेट्यांमागे लाकडी पेटी, वर्षवार, सुतळी बांधून. मी पेट्या ओढल्या. नख तुटलं. १९२५. १९२६. १९२७. तिसरं बाड लेआंद्रोचं. त्याचे मोठे, हवेत उडाल्यासारखे 'एल', जांभळी शाई. कॉर्पोरल माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. बिचाऱ्याला वाचता येत होतं.

सतरावं पान.

वर उजवीकडे, जिथे मी जुळवलं तेव्हा काहीही नव्हतं, तिथे लिहिलेलं होतं:

*निकासियो आल्मोगेरा या माझ्या मित्राला. त्याने एका दुपारी माझ्या हातात ब्रश दिला. (दुसऱ्या आवृत्तीत असंच छापावं. ले. वि.)*

*

शुद्धिपत्र. वर जिथे डॉन एलादियो भित्रे असल्याचं छापलं आहे, तिथे पुढीलप्रमाणे वाचावं: पुस्तक छापून झाल्यावर आठवड्याने लेआंद्रो छापखान्यात आला होता. मी त्या दिवशी तापाने घरी होते. तो म्हणाला, मी त्या कोळ्याला भेटून आलो, आता नुसतं नाव पुरणार नाही. डॉन एलादियो म्हणाले, छपाई झाली, आता काही होत नाही. मग लेआंद्रोने पेन मागितलं आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी मूळ प्रत सुधारली. दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. डॉन एलादियोंना हे दहा वर्षं ठाऊक होतं. त्या दुपारी छापखान्यात शिपायासमोर ते मला सांगता येत नव्हतं, एवढंच. नंतर एकदाच सांगितलं.

*

मी कागद मुठीत आवळला. तो तोंडात घालणार होते. कॉर्पोरलने माझं मनगट धरलं, जोर न लावता, आणि एकेक बोट उघडलं.

"असं नका करू, बाई," तो म्हणाला. "कॅप्टनसाहेबांना कागद सपाट लागतो."

त्याने मांडीवर ठेवून तो सपाट केला.

*

कॅप्टन लादेरोने तो कागद दोनदा वाचला. मग पुस्तक शेजारी ठेवून पुन्हा वाचला.

"छापलेल्यात आहे त्याहून इथे जास्त आहे."

त्याने पेन्सिल उचलली.

"'मित्र'. तुमचा भाऊ म्हणाला ओळखत नाही. म्हणजे न्यायालयापुढे खोटं बोलला." त्याने 'ब्रश' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "ब्रश कशासाठी? भिंतींवर घोषणा?"

"होडीला डोळा रंगवायला."

"एक कवी. होडीला."

"हो."

त्याने उसासा टाकला. मला वाटतं त्याला खरंच वाईट वाटत होतं. चांगला कागद वाया गेल्यासारखं. "बाई, तुम्ही स्वतःहून आलात, मूळ पुरावा आणून दिलात. जाहीरनाम्यांची भानगड मला माहीत आहे, पण मी ती बघणार नाही." त्याने एक कोरा फॉर्म ओढला, माझं नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तो माझ्या चालचलणुकीचा दाखला होता.

मी तो घेतला. घेतला हे लिहिलं पाहिजे.

*

तुरुंगात भेटायला दोन जाळ्या आणि मधे हातभर बोळ, बोळातून पहारेकरी फिरायचा. दोन्हीकडून पन्नास माणसं एकदम ओरडायची. निकासियोची दाढी वाढली होती, त्यात पांढरं दिसलं. एकोणतीस वर्षांचा होता.

"एक माणूस आला होता का रे तुझ्याकडे?" मी ओरडले. "दहा वर्षांपूर्वी! पांढरा सूट!"

"कोण? बूट हातात घेऊन आलेला?"

"तोच विदाउरे!"

"तो कवी होता?" निकासियोने जाळीला नाक लावलं. "मला म्हणाला कागदाच्या धंद्यात आहे!"

"काय केलं त्याने?"

"सार्डिन खाल्ल्या. काट्यांसकट. मग म्हणाला डोळा रंगवू दे. मी दिला ब्रश. अगं, असा वाकडा रंगवला! कुर्रोची होडी वर्षभर तिरळी फिरत होती. कुर्रो अजून मला शिव्या देतो."

मी हसले. तोही हसला. पहारेकरी थांबून आमच्याकडे बघायला लागला.

"निको," मी म्हटलं, "ते नाव मी घातलं होतं पुस्तकात. आणि तो कागदही मीच आणला."

गलक्यात त्याला किती ऐकू गेलं ठाऊक नाही. त्याने कान पुढे केला, मान हलवली. "आणखी कुठे घातलंयस का? सांगून ठेव. आधीच कबूल करून टाकतो!"

"नाही. कुठेच नाही."

"मग झालं तर. तंबाखू आण पुढच्या वेळी. आणि मोजे."

घंटा झाली. मी मोजे आणले होते, पण पिशवी दारावरच काढून घेतली होती.

*

लष्करी न्यायालयाने २९ मार्चला अकरा जणांचा खटला चालवला. चाळीस मिनिटं. बचावासाठी नेमलेल्या लेफ्टनंटने निकासियोचं आडनाव दोनदा चुकीचं घेतलं आणि दयेची विनंती केली. फिर्यादीने कविता वाचून दाखवली. हळूहळू, चालीवर न म्हणता. *समुद्र एकेक उसवतो.* मागच्या बाकावर एका म्हातारीने सवयीने पुढची ओळ ओठांतल्या ओठांत म्हटली. आमच्या भागात ती कविता तोपर्यंत जाळी दुरुस्त करताना म्हणायचे, कुणाची आहे ते माहीत नसताना. न्यायाधीशाने विचारलं, "याचा अर्थ काय?" निकासियो उभा राहून म्हणाला, "साहेब, मी विचारलं असतं, पण तो कागदाच्या धंद्यात आहे म्हणाला."

कुणी हसलं नाही.

३ एप्रिलला दफनभूमीच्या भिंतीपाशी गोळ्या. मोजे परत मिळाले.

*

डॉन एलादियोंकडे मी अजून काम करते. ते माझ्याशी बोलतात. त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागितली तर त्यांना "अगं, असू दे" म्हणावं लागेल, आणि ते म्हणतील.

आता आम्ही प्रार्थनेची चित्रं छापतो, आणि न्यायालयाचे फॉर्म. फॉर्मवर 'आरोपीचे नाव' यापुढे रेघ. ती रेघ सात सेंटिमीटर कोरी ठेवायची असते, तसा हुकूम आहे. पहिल्या दिवशी मी ती जुळवली तेव्हा हात सवयीने पेटीकडे गेला, काहीतरी भरायला. मी तो परत आणला. आता जात नाही.

लेआंद्रोचा मला राग येत नाही असं नाही. पण त्याने काय केलं? बूट काढले, वाळूतून चालत गेला, एका अनोळखी माणसाचा मित्र झाला आणि तसं लिहून ठेवलं. मी माझ्या परीने सगळं मनात उलट जुळवून बघते: त्या दिवशी पान पांढरं ठेवलं असतं, प्रत डब्यात गेली नसती, डॉन एलादियोंचं ऐकलं असतं. खिळे उलटे वाचायची सवय आहे मला. तरी या ओळी सुलटच येतात.

*

लेआंद्रो विदाउरे १९ जानेवारी १९३७ रोजी, मालागा पडायच्या वीस दिवस आधी, व्हॅलेन्सियाच्या इस्पितळात विषमज्वराने वारला होता.